परक्या यंत्रावरची मेनफ्रेम

आयबीएमने १९६४ मध्ये ‘सिस्टिम/३६०’ ही मालिका बाजारात आणली, तेव्हा १४०१ या जुन्या संगणकाचे गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून नव्या यंत्रात जुन्याची नक्कल करण्याची सोय ठेवली. ‘इम्युलेटर’ हे नाव तेव्हाचेच. मुंबईत एस्सो कंपनीकडे १९६१ मध्ये आलेला संगणक १४०१ च होता. पाश्चात्त्य देशांत जुनी ठरत चाललेली ही यंत्रे भारतात पुढेही बरीच वर्षे राबली.

त्या काळी नवे यंत्र आयात करायचे तर परकीय चलन आणि सरकारी परवाना दोन्ही लागत. त्यामुळे मुंबईच्या संगणकवाल्यांना समोर नसलेल्या यंत्रासाठी काम करण्याची सवय लागली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीचे काम घेतले. रुग्णालयांच्या हिशेबाच्या, कोबोल भाषेतल्या प्रणाली बरोजच्या एका यंत्रमालिकेवरून दुसरीवर न्यायच्या होत्या. हाताशी होता ब्रिटिश बनावटीचा आयसीएल १९०३. त्यावरच रूपांतराचा प्रोग्रॅम लिहून काम पुरे झाले. याला इम्युलेशन म्हणता येत नाही, पण गरज तीच होती. पवईच्या आयआयटीत त्याच दशकात आलेला ईसी-१०३० हा सोव्हिएत गटाचा संगणक तर ३६० चीच नक्कल होता. पुढे परकीय भांडवलाच्या कायद्यावरून सरकारशी बिनसले आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला.

३६० च्या घराण्याची नक्कल करणारा रॉजर बोलर यांचा ‘हर्क्युलिस’ हा इम्युलेटर १९९९ मध्ये आला आणि साध्या पीसीवर आख्खी मेनफ्रेम उभी राहिली. त्यावर चालते ती मुख्यतः एमव्हीएस ३.८जे, म्हणजे आयबीएमची जुनी, सर्वांना खुली असलेली कार्यप्रणाली. एका प्रोग्रॅमला ती जास्तीत जास्त १६ मेगाबाइट जागा देते. प्रोग्रॅम लागणाऱ्या फायलींसह ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारा डॉकर २०१३ मध्ये आल्यावर हर्क्युलिस, त्याच्या आभासी डिस्क आणि मांडणीच्या फायली एकाच कंटेनरमध्ये बांधता येऊ लागल्या. ३२७० टर्मिनलसाठी एक पोर्ट उघडले की लॉगॉनचा पडदा समोर येतो. कार्ड रीडरच्या जागी फाइल, प्रिंटरच्या जागीही फाइल.

अडते ते बंद करताना. कंटेनर थांबवला की डॉकर आतल्या प्रोग्रॅमला आधी सूचना देतो आणि दहा सेकंदांत तो आवरला नाही तर सरळ मारून टाकतो. एमव्हीएसला मात्र चालू कामे संपवून, कामांची रांग सांभाळणारा जेईएस२ बंद करून मगच निजायची सवय. घाईत डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहतात. म्हणून डिस्क कंटेनरबाहेरच्या व्हॉल्यूमवर ठेवणे आणि कन्सोलवरून रीतसर शटडाउन करणे, ही दोन पथ्ये पाळावीच लागतात. कंटेनर टाकून देण्यासाठी असतो, मेनफ्रेम महिनोन्‌महिने न थांबता चालण्यासाठी.

बँकांची कामे आज ज्या झेड/ओएसवर चालतात, तिचा परवाना आयबीएम हर्क्युलिससाठी देत नाही. त्यामुळे हर्क्युलिसवर घरी शिकणाऱ्याच्या वाट्याला ही जुनी एमव्हीएसच येते; जेसीएल (कामे सोपवण्याची भाषा) आणि कोबोलवर हात बसायला ती पुरते.