कपाटातील भूमिती आणि चौकातील शिल्पे



गणित आणि शिल्पकला ही दोन नावे एका दमात उच्चारली की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. शाळेत भूमितीने ज्यांना रडवले, त्यांना तिच्यात सौंदर्य कसे दिसावे? आणि ज्यांना ते दिसते, त्यांनी ते कागदावर सोडून दगडात का उतरवावे? या शंकेचे तात्त्विक उत्तर देत बसण्यापेक्षा एक घडलेली हकिकत सांगतो. उत्तर तिच्यातूनच निघेल.

१९३५ सालची गोष्ट. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी मॅक्स बिल हे सव्वीस-सत्तावीस वर्षांचे कलावंत राहत होते. जर्मनीतील बाउहाउस या नामांकित कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले होते. चित्रे, शिल्पे, इमारती, छपाईची मांडणी असे सगळेच ते करीत. त्यांचे बाउहाउसमधील स्नेही, वास्तुकार मार्सेल ब्रॉयर, यांच्याकडे एक काम आले. लंडनमधील प्रदर्शनासाठी एका घराची रचना करायची होती आणि त्या घरात सर्व काही विजेवर चालायचे होते, दिवाणखान्यातील शेगडीसुद्धा! आता विजेची शेगडी ऊब देते, लालही होते; पण तिच्यात ज्वाळा कुठून असणार? थंड मुलखात माणसे शेगडीभोवती बसतात ती नुसती ऊब घ्यायला नव्हे, हलत्या ज्वाळेकडे पाहायलाही. तेव्हा शेगडीवर टांगता येईल असे काहीतरी शिल्प कराल का, असे ब्रॉयर यांनी बिल यांना विचारले.

बिल विचार करू लागले. वर चढणाऱ्या गरम हवेने जे हळूहळू फिरेल, ज्याला आरंभ नाही आणि शेवट नाही, असे काही त्यांना हवे होते. नाना तऱ्हा करून पाहिल्यावर त्यांच्या हाती एक पट्टी लागली. पीळ दिलेली, टोके जुळवलेली, ज्वाळेसारखी स्वतःतच वळत जाणारी. ‘अंतहीन पट्टी’ असे नाव देऊन १९३६ मध्ये मिलान येथील त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी ती मांडली. हा आकार आपण प्रथमच शोधून काढला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

काही वर्षांनी कोणीतरी त्यांचे अभिनंदन केले: म्योबियसच्या पट्टीला आपण काय सुंदर नवे रूप दिलेत! बिल चकित झाले. म्योबियस हे नाव त्यांनी ऐकलेलेच नव्हते. त्यांचे गणित इमारतीच्या हिशोबापलीकडे गेलेले नव्हते, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

श्रोतेहो, ही पट्टी म्हणजे काय हे सांगून समजत नाही; करूनच पाहिली पाहिजे. घरी गेल्यावर हातभर लांब आणि दोन बोटे रुंद अशी कागदाची पट्टी कापा. तिची टोके सरळ जुळवून चिकटवली तर बांगडी होईल. तिला आतली बाजू एक आणि बाहेरची एक. पण चिकटवण्यापूर्वी एक टोक उलटे करा, म्हणजे पट्टीला अर्धा पीळ द्या, आणि मग चिकटवा. आता पट्टीच्या मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत चला. हात न उचलता आणि कड न ओलांडता रेघ आरंभाशी येऊन मिळेल, आणि पाहाल तर कागदाच्या दोन्ही अंगांवर रेघ उमटलेली! याचा अर्थ या पट्टीला दोन बाजू नाहीतच. बाजू एक आणि कडही एकच. १८५८ मध्ये जर्मनीतील दोन गणितज्ञांना ही पट्टी स्वतंत्रपणे सापडली. योहान लिस्टिंग यांच्या टिपणात ती जुलैत दिसते, आउगुस्ट म्योबियस यांच्या टिपणात सप्टेंबरात. लिस्टिंग यांनी ती आधी छापलीही. पण नाव राहिले म्योबियसचे. शोधाचे श्रेय कुणाच्या पदरात पडेल याचा नेम नसतो, हे गणितातही खरे आहे.

आता प्रश्न असा, की बिल यांनी केले ते काय? शोध म्हणावा, तर तो पाऊणशे वर्षे आधीच लागलेला. नक्कल म्हणावी, तर मूळ त्यांनी पाहिलेले नाही. याचा निवाडा करण्यापूर्वी थोडे मागे जाऊन, गणिताचे आकार मुळात हातात कसे आले ते पाहू.

पॅरिसमध्ये थिओडोर ऑलिव्हिए या भूमितीच्या अध्यापकांनी १८३० नंतरच्या काळात चौकटींमध्ये दोरे ताणून प्रतिकृती केल्या. काड्यांची जुडी दोन्ही टोकांना धरून उलटसुलट पिळली की मधे कंबर पडून डमरूचा आकार होतो, पण प्रत्येक काडी मात्र सरळच राहते. सरळ रेषांतून वाकलेले पृष्ठ निघते, हे फळ्यावर सांगून पटत नाही. दोऱ्यांनी ते डोळ्यांना पटवले. पुढे १८७५ च्या सुमारास म्युनिकच्या तंत्रविद्यालयात फेलिक्स क्लाइन आणि अलेक्झांडर ब्रिल हे दोन प्राध्यापक एकत्र आले. त्यांनी विद्यार्थ्यांना समीकरणे दिली आणि त्यांची पृष्ठे प्लॅस्टरमध्ये घडवायला लावली. ब्रिल यांचे बंधू लुडविग यांनी डार्मस्टाट येथून त्या प्रतिकृतींचा व्यापार चालवला. पुढे तो मार्टिन शिलिंग यांच्याकडे गेला आणि १९११ च्या सूचिपत्रात सुमारे ४०० नमुने होते. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात क्लाइन यांनी स्वतः या प्रतिकृती नेल्या. त्यांत क्लेब्श या गणितज्ञाचे एक पृष्ठ होते. वक्रच वक्र असलेल्या त्या पृष्ठावर बरोबर २७ सरळ रेषा बसतात, एक कमी नाही की एक जास्त नाही, आणि प्लॅस्टरवर त्या साऱ्या कोरून दाखवता येतात.

या कामातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. समीकरणातील पृष्ठ पुष्कळदा अनंतापर्यंत पसरलेले असते. प्लॅस्टर तर वीतभरच. मग ते कापायचे कुठे? समीकरण याबाबतीत मौन धरते. तो निर्णय घडवणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला घ्यावा लागतो. म्हणजे गणिताच्या या अगदी शुष्क वाटणाऱ्या वस्तूंतही कारागिराची आवड गुपचूप शिरलेलीच होती.

पण काळ पालटला. विसाव्या शतकात गणिताचा ओढा अमूर्ताकडे गेला. चित्र हे पुराव्याचे साधन नव्हे, चित्राने फसगत होते, असे तरुण गणितज्ञ म्हणू लागले. पहिल्या महायुद्धानंतर प्रतिकृतींची मागणी आटली. विद्यापीठांच्या कपाटांत त्या धूळ खात पडल्या. काही फुटल्या, काही फेकल्या गेल्या.

नेमक्या याच वेळी दुसऱ्या दाराने शिल्पकार आत आले. लंडनमध्ये हेन्री मूर विद्यार्थी असताना त्यांच्या कलाविद्यालयाजवळच विज्ञान संग्रहालय होते. तिथल्या दोऱ्यांच्या प्रतिकृती त्यांच्या मनात राहिल्या आणि १९३७ पासून त्यांच्या शिल्पांत ताणलेले दोरे दिसू लागले. बार्बरा हेपवर्थ यांना १९३५ मध्ये ऑक्सफर्ड येथे अशाच प्रतिकृती पाहायला मिळाल्या. थोड्याच वर्षांत त्यांच्याही पोकळ कोरलेल्या आकारांतून दोरे ताणले गेले. पॅरिसमध्ये मॅन रे यांनी प्वांकारे संस्थेतील प्रतिकृतींची छायाचित्रे घेतली, ती १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९४८ मध्ये त्यांवरून चित्रे रंगवून त्यांनी त्यांना शेक्सपियरच्या नाटकांची नावे दिली. गणितज्ञांनी टाकलेले धन कलावंतांनी असे उचलले.

नाऊम गाबो यांची कथा आणखी बोलकी आहे. १८९० मध्ये रशियात जन्मलेले गाबो १९१० मध्ये म्युनिकला वैद्यक शिकायला गेले आणि तिथे अभियांत्रिकीकडे वळले. क्लाइन-ब्रिल यांची परंपरा होती ती हीच नगरी. १९२० मध्ये मॉस्कोत आपल्या भावाच्या, आंतोन पेव्हस्नर यांच्या, सहीनिशी त्यांनी जाहीरनामा लावला: शिल्प म्हणजे वस्तुमान नव्हे. हे म्हणणे त्यांनी दोन घनांनी समजावले. एक घन भरीव. दुसऱ्याच्या चार भिंती काढून टाकलेल्या आणि आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन पातळ फळ्या एकमेकींना छेदून उभ्या केलेल्या. जागा दोघांनीही तितकीच व्यापलेली. पण दुसऱ्यात आतली पोकळी दिसते. पाषाणातून मूर्ती ‘काढायची’ या हजारो वर्षांच्या कल्पनेला हा धक्का होता. पुढे पारदर्शक प्लास्टिक आणि नायलॉनचे धागे घेऊन गाबो यांनी जी शिल्पे रचली, त्यांत ऑलिव्हिए यांच्या दोऱ्यांचे वंशज सहज ओळखू येतात.

आता पुन्हा मॅक्स बिल यांच्याकडे येऊ. आपला आकार आधीच कुणाला सापडला होता हे कळल्यावर अभिमानी माणसाने एक तर ते नाकारले असते किंवा तो विषयच सोडून दिला असता. बिल यांनी काय केले? १९४० नंतरच्या वर्षांत ते या विषयाकडे पुन्हा वळले, या वेळी डोळे उघडे ठेवून. १९४७ मध्ये झुरिकमध्ये त्यांनी ‘सातत्य’ नावाचे मोठे प्लॅस्टर-शिल्प उभे केले. दुसऱ्याच वर्षी दांडगाई करणाऱ्यांनी ते फोडून टाकले. १९४९ मध्ये त्यांनी आजच्या कलेतील गणिती विचारपद्धतीवर निबंध लिहिला. ‘त्रिविभागी एकत्व’ या पोलादी शिल्पाला १९५१ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलोच्या पहिल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात शिल्पाचे पहिले पारितोषिक मिळाले, आणि तिथल्या तरुण कलावंतांची एक पिढीच त्याने भारली. त्यांतल्या लिजिया क्लार्क यांनी १९६३ मध्ये म्योबियसची पट्टी आणि कात्री प्रेक्षकाच्याच हाती दिली: लांबीच्या दिशेने कापत जा, कात्री पहिल्या छेदाशी परत आली की डावीकडे जायचे की उजवीकडे, हे तुम्हीच ठरवा. आणि झुरिकमध्ये फुटलेले ते ‘सातत्य’? १९८६ मध्ये फ्रांकफुर्ट शहरी ते पुन्हा उभे राहिले, या वेळी ग्रॅनाइटमध्ये.

आता निवाडा. म्योबियसच्या पट्टीचे जे शास्त्र आहे, त्याला माप ठाऊक नाही. पट्टी लांब असो, आखूड असो, चुरगळलेली असो. पीळ आणि जोड तोच असेल तर त्या शास्त्राच्या लेखी ती एकच. मघाशी आपण कागदाची जी पट्टी चिकटवली ती आणि बिल यांचे शिल्प यांत ते फरक करत नाही. शिल्पकाराचे काम सुरू होते ते नेमके तिथे. वळण कुठे रुंद, कुठे निमुळते, पाषाण कोणता, सकाळचे ऊन कोणत्या अंगावरून उतरून छायेत विरावे, भोवती फिरणाऱ्या माणसाला आत आणि बाहेर यांचा भ्रम कुठे व्हावा, हे सारे गणिताने सोडून दिलेले असते. अनंत समान पट्ट्यांतून एक निवडणे, हे बिल यांचे स्वतःचे. आकार म्योबियसचाही नव्हे आणि बिल यांचाही नव्हे. निवड मात्र ज्याची त्याची.

हीच हकिकत पुढे दुसऱ्या वेषात पुन्हा घडली. अमेरिकेतील मिसुरी राज्यात ब्रेंट कॉलिन्स हे काष्ठशिल्पी खोगिरासारखी दोन्हींकडे वळणारी पृष्ठे कोरीत होते. बर्कली येथील संगणकशास्त्रज्ञ कार्लो सेकिन यांनी त्या शिल्पांची चित्रे पाहिली आणि त्यांना ओळख पटली: साबणाच्या पापुद्र्याप्रमाणे ताणलेल्या ज्या पृष्ठांपैकी एक शेर्क या गणितज्ञाने १८३४ मध्ये मांडले होते, त्याचीच ही वर्तुळात वाकवलेली रूपे. १९९० नंतरच्या दशकात दोघे एकत्र आले. सेकिन यांनी संगणकासाठी कार्यक्रम लिहिला, तऱ्हेतऱ्हेचे पीळ देऊन आकार पडद्यावर पाहिले, निवडलेल्या आकाराचे एकावर एक थरांचे नकाशे छापले. कॉलिन्स यांनी त्याबरहुकूम फळ्या कापून, चिकटवून, घासून शिल्प पुरे केले. तिथे संगणकाने हजार आकार दिले, पण हजारांतला कोणता लाकडात उतरवायचा हे डोळ्यानेच ठरवले, आणि शेवटचा हात कानशीचाच फिरला.

म्युनिकच्या विद्यार्थ्यांनी प्लॅस्टर घोटले तेव्हा आपण शिल्पकलेची सामग्री तयार करीत आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हते. त्या कपाटांना जर त्या वेळी कोणी निरुपयोगी म्हणून आग लावली असती, तर मॅन रे यांना चित्रे मिळाली नसती, हेपवर्थ यांना आधार मिळाला नसता. आज पॅरिसच्या प्वांकारे संस्थेने २०२३ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात त्याच प्रतिकृती लोकांना दाखवल्या जातात. तेव्हा आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या अडगळीच्या खोलीत जुन्या लाकडी शंकूची, दोऱ्यांच्या चौकटीची, प्लॅस्टरच्या गोळ्याची पेटी सापडली, तर ती भंगारात देण्यापूर्वी एकदा उजेडात आणून चारी बाजूंनी फिरवून पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.