सिसलॉग
संगणकातील घडामोडी कालानुक्रमे नोंदविणारी प्रणाली. एरिक ऑलमन यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८० च्या दशकात सेंडमेल या टपाल आज्ञावलीसाठी ती रचली. पुढे ती युनिक्स व लिनक्स संगणकांवर रूढ झाली. संदेशांच्या तीव्रतेनुसार ० (आणीबाणी) ते ७ (दोषशोधन) अशा तिच्या आठ श्रेणी आहेत.

जुन्या नोंदीत महिना, दिनांक व वेळ असे. वर्ष मात्र नसे. आरएफसी ३१६४ (२००१) या दस्तऐवजात ही रूढ पद्धत तशीच वर्णिली आहे. वर्ष नसलेला दप्तरातील कागद पुरावा म्हणून कच्चाच. राइनर गेरहार्ट्स यांनी लिहिलेल्या आरएफसी ५४२४ (२००९) ने वर्षासह पूर्ण कालनिर्देश आणला. त्यांच्याच आरसिसलॉग (२००४) या आज्ञावलीत तशी सोय असूनही डेबियन या लिनक्स वितरणाने जुनी मांडणी बाराव्या आवृत्तीपर्यंत (२०२३) बदलली नाही. बदलली तेव्हा जुन्या तारखा वाचणाऱ्या आज्ञावल्याही सुधाराव्या लागल्या.

भारतात सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार मागील १८० दिवसांच्या नोंदी जपणे व घड्याळे प्रमाण वेळेशी जुळविणे बंधनकारक आहे. सरकारी संस्थांनाही ते लागू असल्याने वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणचे कार्यालयही त्यांतून सुटत नाही. डेबियनमधील लॉगरोटेटची मूळ मांडणी मात्र साप्ताहिक असून चारच जुन्या फायली राखते, त्यापूर्वीच्या आपोआप पुसते. तेथे ४ च्या जागी किमान २६ हा आकडा घालावा लागतो.