घरचा कॅमेरा माणसे ओळखत नसेल, तर काय तपासावे?

आई-वडील भारतातून काही महिन्यांसाठी मुलाकडे येतात. संध्याकाळचा फेरफटका आटोपून परतणाऱ्या वडिलांना दारावरचा कॅमेरा रोज ‘अनोळखी व्यक्ती’ ठरवतो आणि कार्यालयात बसलेल्या मुलाच्या फोनवर इशारा येतो. आठवडाभरात मुलगा असे इशारे न वाचताच पुसू लागतो. खरा धोका इथे सुरू होतो. एखाद्या दिवशी दारात खरोखरच परका माणूस उभा राहिला, तर तो इशाराही त्याच सवयीने पुसला जाईल. म्हणून चेहरा ओळखण्यातील बिघाड वेळीच दुरुस्त करणे आवश्यक ठरते.

ओळख कशी पटते?

कॅमेरा हालचाल टिपतो. त्यानंतर चित्रातील चेहरा वेगळा काढून त्याच्या ठेवणीचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर केले जाते आणि ती मालिका साठवलेल्या चेहऱ्यांशी ताडून पाहिली जाते. साम्य ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तर नाव दिसते, अन्यथा ‘अनोळखी’ असा शेरा येतो. हे उत्तर म्हणजे अंदाजच असतो. तो दोन प्रकारे चुकतो: घरचा माणूस परका ठरतो किंवा परका माणूस घरचा ठरतो. दुसरी चूक अधिक घातक, कारण तिची कोणतीही चाहूल लागत नाही.

आधी सुविधा चालू आहे का, ते पाहावे

अनेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते. गूगल नेस्टच्या कॅमेऱ्यांत परिचित चेहरे ओळखण्यासाठी सशुल्क सदस्यत्व लागते आणि ही सुविधा वापरकर्त्याला स्वतः सुरू करावी लागते. ॲपलच्या होमकिट व्यवस्थेत ॲपल टीव्ही किंवा होमपॉड घरातील केंद्र म्हणून चालू असावे लागते आणि नावे फोटोंच्या संग्रहातून घेता येतात. हे केंद्र बंद पडले, की चित्रण दिसत राहते, पण ओळख थांबते. सदस्यत्वाची मुदत, ॲपमधील परवानग्या आणि कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर एकदा तपासून घ्यावे.

अंतर, उंची आणि प्रकाश

कॅमेऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अपरिचित व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी चित्रात प्रतिमीटर सुमारे २५० पिक्सेल अपेक्षित असतात. आडवे १,९२० पिक्सेल आणि ११० अंशांचा दृष्टिकोन असलेला कॅमेरा तीन मीटर अंतरावर सुमारे साडेआठ मीटर रुंदीचे दृश्य टिपतो. म्हणजे प्रतिमीटर जेमतेम २२५ पिक्सेल मिळतात. सहा मीटरवर हे प्रमाण निम्म्यावर येते आणि चेहऱ्याच्या वाट्याला वीसहून कमी पिक्सेल उरतात. अशा वेळी सेटिंग बदलून फारसा उपयोग होत नाही. कॅमेरा जवळ आणावा लागतो.

छताच्या कडेला बसवलेल्या कॅमेऱ्याला टोपी आणि टाळू दिसते, चेहरा दिसत नाही. दारावरच्या घंटीचा कॅमेरा साधारण १.२ मीटर उंचीवर बसवतात. इतर कॅमेरेही डोक्याच्या पातळीपेक्षा किंचितच वर असावेत. मागून ऊन येत असेल, तर चेहरा काळवंडतो. एचडीआर सुरू केल्याने किंवा कॅमेऱ्याची दिशा थोडी वळवल्याने फरक पडतो. रात्री अवरक्त प्रकाशातील चित्र कृष्णधवल असते, चष्म्याच्या काचा चमकतात आणि चालणारा माणूस पुसट दिसतो. दाराशी हालचालीने पेटणारा साधा दिवा लावणे हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. भिंगावरची धूळ आणि कोळ्याचे जाळेही पुसावे.

चेहऱ्यांचा संग्रह स्वच्छ ठेवावा

एकाच व्यक्तीच्या दोन-तीन नोंदी तयार झाल्या असतील, तर त्या एकत्र कराव्यात. एखाद्याच्या नावाखाली दुसऱ्याचे एकही छायाचित्र राहू देऊ नये, कारण अशा एका चुकीने पुढील ओळखी बिघडत जातात. वडील आणि मुलगा किंवा दोन भाऊ यांच्या नोंदी विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. अस्पष्ट आणि एका बाजूने टिपलेली चित्रे काढून टाकावीत. कानटोपी, मफलर आणि चष्मा घातलेली काही स्पष्ट चित्रे मात्र ठेवावीत. हिवाळ्यात त्यांचा उपयोग होतो. गोंधळ फारच वाढला असेल, तर त्या व्यक्तीची नोंद पुसून पुन्हा नव्याने करणे सोपे पडते.

भारतीय चेहऱ्यांचा प्रश्न

अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१९ मध्ये १८९ अल्गोरिदम तपासले. त्यांपैकी अनेकांत परक्याला चुकून ओळखीचा ठरवण्याचे प्रमाण आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांबाबत गोऱ्या चेहऱ्यांच्या १० ते १०० पट आढळले. आशियात विकसित झालेल्या काही अल्गोरिदममध्ये ही तफावत तितकी नव्हती. ती घरगुती कॅमेऱ्यांची चाचणी नव्हती, तरी तिचा धडा स्पष्ट आहे: कॅमेऱ्याने ओळखीचे नाव दाखवले, म्हणून दारातील माणूस तोच आहे असे गृहीत धरू नये. केवळ चेहऱ्याच्या खुणेवर कुलूप आपोआप उघडेल अशी जोडणी टाळावी.

कायदा कुठे आडवा येतो?

इलिनॉयमध्ये शोधूनही सुविधा सापडत नसेल, तर तो बिघाड नव्हे. तेथील २००८ च्या बायोमेट्रिक कायद्यानुसार कंपन्यांना चेहऱ्याची मोजमापे घेण्याआधी लेखी संमती घ्यावी लागते. नेस्टची ही सुविधा त्या राज्यात उपलब्ध नाही. ब्रिटनमध्ये कॅमेरा घराच्या हद्दीबाहेरचे टिपत असेल, तर घरमालकालाही माहिती-संरक्षण कायदा लागू होतो. ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशाच कॅमेऱ्यांच्या वादात शेजारणीच्या बाजूने निकाल दिला होता. कॅमेऱ्याचे क्षेत्र आपल्या दारापुरते आखावे. घरकामाला येणाऱ्यांना आणि मुले सांभाळणाऱ्यांना चेहरा नोंदवला जात असल्याचे आधी सांगावे.

शेवटची चाचणी

सर्व बदल झाल्यावर घरातील प्रत्येकाने सकाळी, तिन्हीसांजेला आणि रात्री दारापर्यंत चालत यावे; एकदा चष्म्यासह, एकदा टोपीसह. कोणाची ओळख कधी चुकली, याची नोंद ठेवावी. चूक फक्त रात्री होत असेल, तर दोष प्रकाशाचा असण्याचा संभव अधिक. एकाच व्यक्तीबाबत होत असेल, तर संग्रह पाहावा. सर्वांबाबत आणि सर्व वेळी होत असेल, तर कॅमेऱ्याची जागा बदलावी.