बैलगाडीच्या चाकाएवढा सूर्य

सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, हे आपण शाळेत पाठ करतो. परीक्षेत लिहितो, गुण मिळवतो आणि विसरून जातो. आकडा जिभेवर मावतो, मनात मावत नाही. माणसाला अंतर कळते ते पायांनी. लोणंद ते तरडगाव किती, हे एखाद्या वारकऱ्याला विचारून बघा. त्याच्या उत्तरात किलोमीटर नसतील. ऊन असेल, पाऊस असेल, मुक्काम असेल.

आकाशही असे पायाखाली आणता येते. १८३३ साली जॉन हर्शेल या इंग्रज ज्योतिर्विदाने आपल्या पुस्तकात त्याची एक घरगुती तऱ्हा सांगितली. सपाट मैदानात दोन फूट व्यासाचा गोल ठेवायचा, तो सूर्य. मग त्याच मापाने बुध म्हणजे मोहरी, पृथ्वी म्हणजे वाटाणा आणि गुरू म्हणजे संत्रे. पुढे हा खेळ गावोगावच्या रस्त्यांवर उतरला. १९९८ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका प्रचंड गोल सभागृहाला सूर्य मानून देशभर ग्रह मांडायला सुरुवात झाली. तिथला प्लुटो तीनशे किलोमीटरवर आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या जीपीएस संकेतांतली मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात एकाने झाडीत बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग नावाचा खेळ तिथून सुरू झाला. खेळणारे एकेका ग्रहाच्या जागी लपवलेली डबी शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि पुढच्या ग्रहाकडे चालू लागतात.

आपण हीच मांडणी कोरेगावात करून पाहू. माप सोपे घेऊ : एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. सूर्य १ मीटर ४० सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण बैलगाडीच्या चाकाएवढा. तो गावात ठेवायचा आणि जरंडेश्वराच्या डोंगराकडे तोंड करून साताऱ्याच्या रस्त्याला लागायचे. ५८ मीटरवर ज्वारीच्या दाण्याएवढा बुध. १०८ मीटरवर शुक्र आणि १५० मीटरवर आपली पृथ्वी. दोघेही कोरेगावच्या वाघ्या घेवड्याच्या दाण्याएवढे. पृथ्वीपासून अवघ्या दीड-दोन वीत अंतरावर चंद्र. माणूस आजवर गेला तो एवढाच. २२८ मीटरवर लहान वाटाण्याएवढा मंगळ. इथवर सारे हाकेच्या अंतरात आहे. पुढे मात्र रस्ता ओस पडतो. गुरू नारळाएवढा, पण पाऊण किलोमीटरच्याही पलीकडे. शनी जवळपास दीड किलोमीटरवर. युरेनस आणि नेपच्यून ही दोन मोठी लिंबे, एक तीन किलोमीटरला थोडे कमी आणि दुसरे साडेचारवर. मोहरीएवढा प्लुटो सहा किलोमीटरच्या आसपास. या मापाने प्रकाश सेकंदाला जेमतेम एक फूट सरकतो. आपण रमतगमत चाललो तरी त्याला मागे टाकतो.

आता त्या घेवड्याच्या दाण्यापाशी थोडे थांबू. दाण्यावर राहणाऱ्याने दाणा न सोडता दीडशे मीटरवरचे चाक किती दूर आहे, हे ओळखले कसे?

आधी दाण्याचा आकार कळायला हवा. अकराव्या शतकात अल बिरुनीने पंजाबातल्या नंदना किल्ल्यावरून डोंगराची उंची आणि क्षितिजाचा कल मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. सूर्याचे अंतर मात्र कुणाला सापडत नव्हते. ग्रीक ॲरिस्टार्कसने ते चंद्राच्या सुमारे एकोणीस पट मानले. सर्व ग्रह सारख्याच वेगाने योजने कापतात, असे आपल्या सिद्धांतग्रंथांचे गृहीतक होते. त्यातून ते तेरा पटींच्या आसपास निघे. खरे अंतर जवळजवळ ३९० पट आहे.

वाट दाखवली शुक्राने. तो क्वचित सूर्यबिंबावरून काळ्या ठिपक्यासारखा सरकत जातो. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या दोन ठिकाणांहून पाहिले, तर ठिपक्याच्या वाटेत किंचित फरक पडतो. त्या फरकावरून अंतर काढता येईल, असे एडमंड हॅले याने १७१६ मध्ये मांडले. पुढचे योग होते १७६१ आणि १७६९ चे. आपण ते पाहायला नसू, हे त्याला माहीत होते.

त्या योगासाठी फ्रान्सचा ल झांती १७६० मध्ये पुद्दुचेरीला निघाला. तो पोचण्याआधीच इंग्रजांनी शहर घेतले. शुक्र सूर्यावरून सरकला तेव्हा तो भर समुद्रात, हेलकावणाऱ्या जहाजावर होता. तिथून मोजमाप अशक्य. तो परतला नाही. पुढच्या योगासाठी आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला. पुद्दुचेरीत त्याने वेधशाळा उभारली, तमिळ ज्योतिषाकडून ग्रहणगणित शिकून घेतले. जून १७६९ ची ती सकाळ उजाडली आणि नेमके आभाळ भरून आले. ढग पांगले तेव्हा योग संपला होता. १७७१ मध्ये तो घरी पोचला, तर लोकांनी त्याला मेलेला ठरवून त्याची मालमत्ता वाटून घ्यायला घेतली होती.

पण इतरांच्या नोंदी जुळल्या. त्याच वर्षी लालांद याने हिशेब मांडला : १५ कोटी ३० लाख किलोमीटर. आजच्या नेमक्या आकड्यापेक्षा शंभरात जेमतेम दोन-तीनने जास्त. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीमागे इतकी माणसे, इतकी वर्षे उभी आहेत. रिकाम्या हाताने परतलेला ल झांतीही त्यांच्यातच आहे.

१९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर १ हे यान २०२५ च्या अखेरीस आपल्या मापाने पंचवीस किलोमीटरवर गेले होते, म्हणजे सातारा मागे टाकून. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? त्यासाठी कोरेगावातून निघून खऱ्याखुऱ्या पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागेल.

शाळांना ही वाट आखायला खर्च नाही. एक चाक, दोन नारळ, दोन लिंबे आणि मूठभर धान्य पुरे. मुलांना शनिवारी सकाळी चालत न्यावे. पृथ्वीच्या दाण्यापाशी थांबवावे, मागे वळून चाकाकडे पाहायला सांगावे आणि त्यांच्या मनात पहिला प्रश्न उमटेपर्यंत आपण गप्प राहावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)