न पाहिलेला गेंडा

गेंडा गुजरातचा, जहाजात चढला गोव्यात आणि अजरामर झाला जर्मनीत! लाकडी ठशांच्या चित्रांविषयी बोलताना मला आधी हाच गेंडा आठवतो.

गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने १५१४ मध्ये तो पोर्तुगीजांना भेट दिला. गव्हर्नर अल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून तो राजा मानुएलकडे धाडला. २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. त्याचे वर्णन आणि एक रेखाटन न्यूरेंबर्गला पोहोचले. तेवढ्यावरून आल्ब्रेख्ट ड्युररने चित्र काढले. प्रत्यक्ष गेंडा त्याने कधीच पाहिला नाही.

लाकडी ठशात रेघ कोरायची नसते, राखायची असते. कागदावर जिथे पांढरे हवे, तिथले लाकूड काढून टाकायचे. उरलेल्या उंच कडांना शाई लागते आणि त्या उलट्या उमटतात. एक कड तुटली की रेघ गेलीच. हे काम तेव्हा बहुधा धंदेवाईक कारागीर करीत. चित्रावर ड्युररची आद्याक्षरे आहेत, कोरणाऱ्याचे नाव नाही.

आता चित्र पाहा. कातडीच्या घड्यांचे चिलखत झाले आहे, पायांवर खवले आहेत, मानेजवळ एक जादा शिंग आहे. सगळे चूक! तरीही त्या ठिपक्यांतून आणि बारीक रेघांतून जनावराचे वजन जाणवते. अठराव्या शतकापर्यंत युरोपने हाच गेंडा खरा मानला. ठशाला कीड लागली, तडा गेला, तरी छपाई चालूच राहिली.

त्याच वर्षी हान्स बुर्कमायरनेही गेंड्याचा ठसा केला. तो वास्तवाच्या अधिक जवळ आहे. पण त्याची एकच प्रत उरली, ती व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्यात गेंड्याचे पुढचे पाय दोरीने जखडलेले दिसतात. ड्युररच्या चित्रात दोरी नाही.

पुढे राजाने तो गेंडा पोप दहावा लिओ याला नजराणा म्हणून पाठवला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले. साखळदंडांनी बांधलेला गेंडा पोहू शकला नाही.

ड्युररच्या रेघेला माझा नमस्कारच आहे. पण गोव्याहून निघालेल्या त्या मुक्या जिवाची खरी हकिकत मला बुर्कमायरच्या त्या दोरीतच सापडते. म्हणून ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच पाहावीत.