इंच तिथं सूत

बदलापूरच्या आमच्या घरात मागच्या गॅलरीत एक जुना छोटा लेथ आहे. त्यावर दोन वर्षं मी माथेरानच्या वाफेच्या एंजिनाचा एक आस घडवत होतो. सगळं एंजिन पुढे सवडीनं होईल, आधी आस. प्रमाण आठास एक, आणि ते निवडायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये टर्नर होतो. आमच्यातले जुने मिस्त्री इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणायचे, सुतारकामात आजही म्हणतात. म्हणजे खऱ्या एंजिनात जिथं इंच, तिथं माझ्याकडे सूत. दोन फुटी रूळमार्ग चोवीस सुतांचा झाला, तीन इंच.

हे एंजिन मी पहिल्यांदा पाहिलं ते नेरळला, मामाकडे मे महिन्याच्या सुट्टीत. १९७२ साल असावं. वाफेची एंजिनं अजून घाट चढत होती. पुढे दहाएक वर्षांत ती थांबली. गाडी वळणावर आली की मी खाली वाकून बघायचो. बाहेरचे दांडे सरळ पुढे-मागे हलत होते, आणि आतलं चाक मात्र वळणाकडे तोंड करून तिरकं झालेलं. एकाच आसावरचा दांडा सरळ आणि चाक तिरकं, हे कसं? मामाला विचारलं तर तो म्हणाला, "अरे, रुळापासून लांब हो आधी." उत्तर मिळायला मला पस्तीस वर्षं लागली.

या नेरळ-माथेरान रेल्वेचा पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधून घेतली, खर्च १६ लाख रुपये. सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे कर्ते. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि २२ मार्च १९०७ रोजी लाइन खुली झाली. अंतर फक्त २० किलोमीटरच्या आसपास, पण चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. रूळ सुरुवातीला यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे अगदी हलके. डोंगराला फारसं न फोडता कडेकडेनं जायचं, तर वळणांवर वळणं आलीच.

इथंच एंजिनाची अडचण. असा चढ चढायला सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर हवं, म्हणून सहाही चाकं दांड्यांनी जोडलेली. पण तीन समांतर आस एका ताठ चौकटीत बसवले की एंजिन एखाद्या लांब पाटासारखं होतं. वळणात चाकांच्या कडा रुळाला घासतात, रूळ झिजतो, चाक झिजतं, आणि वाफेची निम्मी ताकद त्या घासण्यातच जाते असं वाटावं.

बर्लिनच्या ऑरेनस्टाइन उंड कोपेल कंपनीनं १९०५ ते १९०७ या काळात माथेरानला चार एंजिनं दिली, ७३८ ते ७४१ क्रमांकांची. त्यांत ही अडचण सोडवणारा क्लीन-लिंडनर आस होता. सॅक्सनीच्या सरकारी रेल्वेतल्या दोन इंजिनिअरांची ती कल्पना. चाकं बसतात ती एका पोकळ आसावर, जाड नळीसारख्या. तिच्या आतून दुसरा, भरीव आस जातो. तो चौकटीत पक्का, इतरांना समांतर, आणि त्याच्या दोन्ही टोकांना बाहेर क्रँक. या भरीव आसाच्या मधोमध एक गोळा असतो आणि गोळ्यातून आरपार एक पिन. पिन पोकळ आसाला फिरवते, आणि गोळ्यावर तोच पोकळ आस डावी-उजवीकडे वळूही शकतो, थोडा सरकूही शकतो. दांडे सरळच राहतात. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यानं आघाडीवरच्या दोन फुटी लाइनींसाठी दोन हजारांहून जास्त एंजिनं बांधवली, त्यांच्या टोकांच्या आसांतही हीच युक्ती होती. माझं मत विचाराल तर वाफेच्या जमान्यातल्या छोट्या एंजिनांत याहून देखणी कल्पना नाही, आणि ती बाहेरून अजिबात दिसत नाही.

छोट्या प्रमाणात खरं चालणारं यंत्र करायचा छंद इंग्लंडात फार मुरलेला. जानेवारी १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये 'मॉडेल एंजिनिअर' मासिक सुरू केलं. १९२४ पासून त्यात 'एल.बी.एस.सी.' या टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखकानं कोळशावर चालून माणसं ओढणारी चिमुकली एंजिनं घरच्या लेथवर कशी करायची, ते पुढे दशकानुदशकं शिकवलं. ही अक्षरं तो पूर्वी जिथं कामाला होता त्या रेल्वे कंपनीची. मुंबईत फाउंटनच्या फूटपाथवर मला या मासिकाचे सुटे अंक मिळत. त्या वाचकांना सिलिंडर-चाकांची ओतीव कामं टपालानं घरपोच मिळायची. पुण्यात भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये छोट्या रेल्वेंचं संग्रहालय उघडलं, तिथं मी तासन्‌तास उभा राहिलोय. पण माथेरानच्या आसाचं ओतीव काम कुठल्याच दुकानात मिळणार नव्हतं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून ईएन-८ पोलादाचा गज आणला, नागदेवीतून रीमर, आणि सगळं गजातूनच काढलं.

गोळा सात सुतांचा. तो आसापासून वेगळा नाही, एकाच गजातून आसासकट कातायचा. त्यासाठी जुनी युक्ती वापरली: पाच सुतांची नळी कडक करून तिची कड धारदार केली, आणि ढोबळ गोळा फिरत असताना नळी हातानं त्याच्यावर आडवी दाबून घोळवली. नळीची गोल कड सगळीकडून टेकली की गोळा गोळाच होतो, दुसरा आकार त्याला घेताच येत नाही. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बायकोला पोळ्या लाटताना उठवून आणलं.

पण पिनचं भोक चुकलं. गोळ्याच्या पाठीवर ड्रिल टेकवलं की ते घसरतं. माझं मध्यापासून सहा थाऊ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश, सरकलं. एवढ्याशा फरकानं पोकळ आस अर्ध्या फेऱ्यात अडायचा, अर्ध्यात सैल व्हायचा. कानस लावून पिन बारीक केली तर खडखड सुरू. तीन आठवड्यांचं काम भंगारात गेलं. दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला. गज दंडगोल असतानाच व्ही-ब्लॉकवर धरून भोक पाडलं, रीमर मारला, भोकात स्टीलचीच खुंटी ठोकून बसवली, म्हणजे टूलला मधेच खड्डा लागणार नाही. मग गोळा कातला आणि शेवटी खुंटी ठोकून काढली. पिन दोन सुतांची, सिल्व्हर स्टीलची. भोक बरोबर मध्यावर.

पोकळ आस मी दोन भागांत केला, नाहीतर गोळा आत जाणार कसा? हे जुळवताना जर्मनीतल्या त्या फिटरांची फार आठवण येत होती. त्यांचा एकेक आस उचलायला चेनपुली लागत असणार. माझा चिमटीत मावतो, तरी आधी पिन की आधी गोळा, हा पेच तोच. नेरळला आणि दिल्लीला यांतलं एकेक एंजिन जपून ठेवलंय, एक तर इंग्लंडात लेटन बझर्डच्या छोट्या लाइनवर गेलं. नेरळच्या एंजिनाची बाहेरची मापं मी टेपनं घेतली. आतला गोळा मात्र तिथंही कुणाला दिसत नाही.

गेल्या रविवारी पितळी पट्ट्या वाकवून फळीवर हातभर वळण बसवलं. आस तात्पुरत्या चौकटीत घालून वर दोन किलोचं वजन ठेवलं आणि बोटानं क्रँक फिरवला. वळण सुरू झालं तिथं डावं चाक किंचित पुढे गेलं, उजवं मागे राहिलं. क्रँक चौकटीशी काटकोनातच फिरत होता. मी फळीशी डोळा लावून उकिडवा बसलो होतो, नेरळला बसायचो तसाच. मग वजन उतरवलं, आस तेलाच्या फडक्यात गुंडाळला आणि मागच्या आसासाठी गज कापायला घेतला.