पैठण-कल्याण वाटेवरच्या दोन दुर्बिणी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. तेथून निघालेले व्यापारी तांडे जुन्नरला येत, नाणेघाट उतरत आणि कल्याणच्या बंदरात माल रिता करत. घाटातील नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण इतिहासप्रेमींच्या परिचयाचे आहेत. याच वाटेवर विसाव्या शतकात दोन रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या: पहिली कल्याणला, दुसरी जुन्नर तालुक्यातील खोडदला. त्या दोहोंची आणि हायड्रोजनच्या एका क्षीण लहरीची ही कथा. #थ्रेड

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांची फिरकी एकाच दिशेची असली तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की तो किंचित फरक रेडिओ लहरीच्या रूपाने बाहेर पडतो. तिची लांबी सुमारे २१ सेंटीमीटर, वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्झ. एखाद्या एकट्या अणूत ही घटना आपसूक घडण्यास सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो. परंतु ताऱ्यांमधल्या पोकळीत असा थंड, विद्युतभाररहित म्हणजेच उदासीन हायड्रोजन इतका अफाट पसरला आहे की, सर्व मिळून आवाज ऐकू येतो. ही लहर धुळीने अडत नाही. शिवाय वायू आपल्याकडे येतो की दूर जातो, त्यानुसार तिची वारंवारता किंचित सरकते. म्हणून दीर्घिकेतील वायू कोठे आहे याबरोबरच तो किती वेगाने फिरतो, हेही कळते. आणि वेगावरून वस्तुमान.

या लहरीचे भाकीत झाले ते युद्धाच्या अंधारात. १९४४ साली हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते. यान ऊर्ट या खगोलशास्त्रज्ञाच्या हाती अमेरिकेतील ग्रोट रेबर याचा आकाशातील रेडिओ लहरींवरचा लेख पडला होता. रेडिओ पट्ट्यात एखादी ठळक रेषा मिळेल काय, हे शोधण्याचे काम त्यांनी हेंड्रिक व्हॅन डी हुल्स्ट या विद्यार्थ्याकडे सोपवले. त्याचे उत्तर होते हायड्रोजन, २१ सेंटीमीटर.

प्रत्यक्ष शोध लागण्यास सात वर्षे गेली. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये हॅरल्ड युएन आणि एडवर्ड पर्सेल यांना ती रेषा सापडली. त्यांचे साधन पाहिले तर हसू येईल: प्लायवूडचा, आतून तांब्याचा पत्रा लावलेला एक कर्णा, प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर आकाशाकडे तोंड करून बसवलेला. पाऊस आला की पाणी थेट आत शिरे, आणि हिवाळ्यात विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे फेकत. दीड-दोन महिन्यांत हॉलंडमध्ये आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियात त्या शोधाची पुष्टी झाली.

ऑस्ट्रेलियातील ही पुष्टी सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे झाली. तेथूनच १९५३ मध्ये फ्रँक कर आणि जेम्स हिंडमन यांनी मॅगेलनच्या मेघांतील हायड्रोजन टिपला. आपल्या आकाशगंगेबाहेरच्या, शेजारच्या दीर्घिकांतील हायड्रोजनचा हा पहिला ठाव. त्याच वर्षी गोविंद स्वरूप नावाचा चोवीस वर्षांचा भारतीय तरुण कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर सिडनीला पोहोचला होता.

पॉट्स हिलच्या जलाशयाकाठी सूर्याच्या निरीक्षणासाठी सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्यांची रांग उभी होती. तिचे काम संपत आले आणि ती मोडीत निघणार असे दिसताच स्वरूप यांनी ती भारताला द्यावी अशी विनंती केली. ऑस्ट्रेलियाने होकार दिला. मग वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा यावर कागद हलत राहिले, आणि वाट पाहून स्वरूप अमेरिकेला निघून गेले. तबकड्या भारतात पोहोचल्या तेव्हा त्या जोडणारा माणूस येथे नव्हता. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात अशी प्रकरणे पुष्कळ आहेत. हे त्यांतले सुखान्त ठरलेले एक.

कारण १९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, म्हणजे स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, मायदेशी परतून एकत्र काम करण्याची तयारी पत्राने कळवली. होमी भाभांनी तारेने होकार दिला. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९६५ मध्ये त्याच ३२ तबकड्या कल्याणला उभ्या राहिल्या: २४ पूर्व-पश्चिम, ८ दक्षिणोत्तर. त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचा अभ्यास केला. खरे मोल मात्र तिथे तयार झालेल्या हातांचे होते. त्याच हातांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली, जी १९७० मध्ये सुरू झाली.

१९८४ मध्ये स्वरूप यांनी त्याहून मोठा बेत मांडला. त्या काळी एक मत असे होते की, विश्वात प्रथम हायड्रोजनचे प्रचंड ढग निर्माण झाले आणि ते फुटून दीर्घिका झाल्या. तसे असेल तर त्या आदिम ढगांतील २१ सेंटीमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन आज एक-दोन मीटर लांबीची झालेली असणार. ती पकडण्यासाठी मीटर-तरंगांची महाकाय दुर्बीण हवी; तिचेच नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. दुर्बीण उभी राहीपर्यंत मूळ सिद्धांताला उतरती कळा लागली. लहान दीर्घिका आधी झाल्या आणि त्यांच्या विलीनीकरणातून मोठ्या घडल्या, हे मत रूढ झाले. ते महाकाय आदिम ढग जीएमआरटीला सापडले नाहीत.

नारायणगावजवळचे खोडद निवडण्यामागे हिशेब होता. मोठ्या शहरांचा रेडिओ गोंगाट दूर, वाऱ्याचा जोर कमी, पुणे सुमारे ८० किलोमीटरवर. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; चौदा मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात, सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, कमाल अंतर २५ किलोमीटर. एवढ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. स्वरूप आणि सहकाऱ्यांनी पोलादी दोरखंडांवर बारीक तारेची जाळी ताणून बसवली. जाळीची भोके एक ते दोन सेंटीमीटरची. २१ सेंटीमीटरच्या लहरीला ती जाळी जवळपास भिंतीसारखीच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते दुर्बिणीचे लोकार्पण झाले.

आणि येथे तिला एक वेगळेच काम मिळाले. विश्वाच्या आरंभीचे अजस्र ढग शोधायला बांधलेली दुर्बीण शेजारच्या अगदी चिमुकल्या दीर्घिकांकडे वळली. लहान दीर्घिकाच मोठ्यांच्या विटा असतील, तर आज शेजारी शिल्लक असलेल्या विटा तपासणे भागच होते. जवळजवळ आणि दूरदूर अशा दोन्ही तऱ्हेने तबकड्या मांडलेल्या असल्यामुळे एकाच निरीक्षणात वायूचा विरळ विस्तारही दिसे आणि बारीक तपशीलही.

प्रश्न वादाचा होता. १९९० च्या दशकातील निरीक्षणांवरून असे वाटत होते की, अतिशय मंद बटू दीर्घिकांतील वायू सुसूत्र फिरत नाही; त्याची गती विस्कळीत आहे. फिरणेच नसेल तर वस्तुमान मोजायचे कसे? २००३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आयेशा बेगम आणि जयराम चेंगलूर यांनी उलरिख हॉप यांच्यासह कॅमेलोपार्डलिस बी या दीर्घिकेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेकंदाला दीड किलोमीटर इतका सूक्ष्म वेगभेद ओळखणाऱ्या त्या निरीक्षणांत वायू नीट, शिस्तीत फिरताना दिसला. परिभ्रमणाचा वेग सेकंदाला जेमतेम ७ किलोमीटर. वायूच्या अंतर्गत धडपडीचा वेगही तेवढाच. विस्कळीतपणाचा बराचसा दोष दीर्घिकांचा नव्हता, मोजपट्टी जाड होती.

पुढे याच प्रयत्नातून ‘फिग्ज’ हे सर्वेक्षण आकारास आले. रशियाचे इगोर कराचेन्त्सेव्ह आदी त्यात सहभागी होते. २००८ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले. साठाहून अधिक मंद, अनियमित आकाराच्या शेजारी दीर्घिका. मध्यक हायड्रोजन सुमारे तीन कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका. आपल्या आकाशगंगेतील हायड्रोजन त्याच्या शंभरपटींहून अधिक आहे. दृश्य व्यासापेक्षा हायड्रोजनचा व्यास या नमुन्यात मध्यकाने २.४ पट निघाला. डोळ्यांना दिसते ती दीर्घिका म्हणजे केवळ गाभा.

सप्तर्षींच्या परिसरातील एनजीसी ३७४१ ने तर कमाल केली. सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवरच्या या क्षुल्लक दिसणाऱ्या दीर्घिकेची हायड्रोजनची चकती तिच्या दृश्य त्रिज्येच्या आठपटींहून पुढे पसरलेली आढळली. इतक्या दूरवरच्या वायूचा वेग मोजता आल्याने तिचे एकूण वस्तुमान काढता आले. प्रकाशाच्या मानाने ते सूर्याच्या प्रमाणाच्या शंभरपट भरले. म्हणजे बहुतेक सारे कृष्णद्रव्य, प्रकाश देणारे जवळपास काहीच नाही.

स्वरूप यांचे ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात निधन झाले. त्याच वर्षी, अद्ययावत केलेल्या दुर्बिणीने सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांच्या लहरी एकत्र करून त्यांच्यातील सरासरी हायड्रोजन मोजला. दूरच्या हायड्रोजनचे मूळ स्वप्न असे निराळ्या वाटेने काही अंशी पुरे झाले.

खोडदच्या शांततेची किंमत मात्र परिसरालाही मोजावी लागते. या दुर्बिणीला रेडिओ गोंगाट सोसत नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची आधीची आखणी नारायणगाव भागातून होती. दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल या कारणावरून मार्ग दूर नेण्याची भूमिका सरकारने घेतली. द्राक्षे, टोमॅटो, कांदा पिकवणाऱ्या जुन्नर-नारायणगावकरांना तो निर्णय पटलेला नाही, आणि त्यांची तक्रार क्षुल्लक म्हणून झटकता येणार नाही. सातवाहनांच्या काळी ज्या तालुक्यातून कोकण आणि घाटमाथ्यामधली बरीच ये-जा होई, तो तालुका आज रेल्वेची मागणी करतो आहे.